तीस तासांनंतर बरा होणारा गेम

शिवलीला मगदूमला सतरा वर्षांत जपानी भाषेत कुणी तिचं स्वतःचं मत विचारलं नव्हतं. मागच्या ऑक्टोबरात पहिल्यांदा विचारलं, आणि तेही एका व्हिडिओ गेमबद्दल.

ती आमच्याच इमारतीत राहते, बेंगळुरूजवळच्या चंदापुरात, तिसऱ्या मजल्यावर. वय चव्वेचाळीस. माहेर अथणीचं, म्हणजे घरात मराठी आणि शाळेत कानडी. सासर निपाणीचं. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती लग्नानंतर बेंगळुरूला आली आणि बोम्मसंद्रातल्या एका जपानी कारखान्यात तपासणी विभागात लागली. प्रेस मशीनला लागणारे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह तिथं बनतात. कंपनीनं एकदा संध्याकाळचे जपानी भाषेचे वर्ग सुरू केले. तीस जणांनी नावं दिली, दिवाळीपर्यंत चार जण उरले, त्यात ही एक. पुढं परीक्षा देत देत ती दुभाषी झाली. जपानी इंजिनीअर बोलला की ती कामगारांना कानडीत सांगते, कामगार बोलले की इंजिनीअरला जपानीत. आपलं एक अक्षर घालायचं नाही, दुसऱ्याचं एक गाळायचं नाही, हा तिचा नेम.

तिचं जपानी सगळं कारखान्यातलं. धातूच्या कडेला राहिलेल्या कुसाला काय म्हणतात, ओरखड्याला काय, गंजाला काय, गळतीला काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण एकदा प्रशिक्षणासाठी दहा दिवस जपानला, नागोयाला गेली असताना तिला थंडी वाजून आली आणि हॉटेलात आणखी एक पांघरूण मागायचं होतं. पांघरुणाला शब्द आठवेना. शेवटी तिनं काउंटरवरच्या मुलीकडं अतिशय नम्रपणे 'उष्णतारोधक साहित्य' मागितलं. मुलीनं मॅनेजरला बोलावलं. हा किस्सा शिवलीला स्वतःच सांगते आणि वर म्हणते, "मला त्यांची भट्टी कळते, चूल कळत नाही."

मत विचारलं ते मोरिता-सान यांनी. 'सान' हे आपल्या 'राव'सारखं, नावाला मान द्यायला लावतात. मोरिता-सान कारखान्यातले सगळ्यांत ज्येष्ठ जपानी इंजिनीअर, वय एकोणसाठ, चार वर्षं इथं काढून आता नागोयाला परत निघाले होते. जायच्या आदल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ते तिच्या टेबलापाशी आले. हातात एक कापडी पिशवी होती.

"मगदूम-सान, एक काम आहे. कारखान्याचं नाही."

पिशवीत दोन्ही हातांत धरून खेळायचा एक कन्सोल होता, पुस्तकाएवढा, आणि त्यात घातलेला एक गेम. गेमचं नाव मराठीत सांगायचं तर 'सातवी नदी'.

"हा मी सहा वर्षांपूर्वी घेतला," मोरिता-सान म्हणाले. "बारा तास खेळलो आणि सोडून दिला. माझ्या बायकोचा मात्र जीव आहे त्याच्यावर. ती म्हणते, तीस तासांनंतर चांगला होतो. मी मार्चमध्ये निवृत्त होतोय, हाताशी वेळ असेल. पण पुरा करायला साठ तास लागतात म्हणतात. खेळण्यासारखा आहे का, एवढं मला सांगाल?"

"मी असले गेम कधी खेळले नाहीत."

"म्हणूनच विचारतोय. ज्यांना आवडतात त्यांना सगळेच आवडतात. ज्यांना आवडत नाहीत ते सुरूच करत नाहीत."

"इंटरनेटवर लोक लिहितात ना?"

"वाचलं सगळं. अर्धे लोक दहापैकी नऊ गुण देतात, अर्धे चार. सरासरी काढली तर साडेसहा येतात. साडेसहाचं मी काय करू?"

"पण मीच का?"

मोरिता-साननी पिशवी टेबलावर ठेवली. "मला कानडी थोडंफार कळतं. तुम्हाला ते माहीत नाही. मी मीटिंगमध्ये चिडून बोललो की तुम्ही ते चिडकंच सांगता, आणि कामगार मला मूर्ख म्हणाला तर तेही सांगता. चार वर्षांत तुम्ही एक वाक्य गोड केलं नाही. हे असं सांगणारं माणूस मला गेमसाठी हवंय."

शिवलीलानं पिशवी घेतली. तिला गेमचं फारसं कुतूहल नव्हतं. कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हा माणूस एखादा व्हॉल्व्ह गळायला लागला तर चार चार दिवस जेवण विसरतो, अर्धवट काम टाकत नाही. मग यानं बाराव्या तासाला हे का टाकलं?

रविवारी दुपारी तिनं कन्सोल टीव्हीला जोडला. नवरा अजित लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, त्याला वायरी जोडण्यापुरता त्यात रस होता. त्यानं जोडून दिलं आणि म्हणाला, "आठवडाभर जपानी बोलतीस, आता रविवारीबी तेच?"

"स्वल्प बघते," ती म्हणाली.

तिसरं माणूस म्हणजे तिच्या सासूबाई, ठकुबाई. शिवलीला त्यांना अत्ती म्हणते, माहेरच्या कानडी वळणानं. बहात्तर वर्षांच्या ठकुबाई आठ वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या खेड्यातून इथं आल्या. इमारतीत तेलुगू आहेत, तमिळ आहेत, बिहारी आहेत, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाशी ठकुबाई बोलतात. समोरच्याला कळलं की नाही, हा त्यांच्या दृष्टीनं त्याचा प्रश्न. त्या सोफ्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

गेम सुरू झाला. तो असा की सहा नद्यांच्या एका देशात नद्या आपापले मार्ग विसरायला लागल्या आहेत, आणि नाव वल्हवणाऱ्या एका माणसाची नागी नावाची मुलगी सातवी नदी शोधायला निघते. खेळणारानं नागी व्हायचं. गावोगाव फिरायचं, सोबती मिळवायचे, वाटेत लढायचं. लढाई पत्त्यांच्या डावासारखी, एकदा तुमची पाळी, एकदा त्यांची.

पहिल्याच गावात शिवलीला अडकली. विहिरीपाशी लाल फडकं डोक्याला बांधलेली एक म्हातारी उभी होती. ती काहीतरी बोलली आणि पडद्यावर तीन ओळी उमटल्या. शिवलीलानं त्या दोनदा वाचल्या, मग तिसऱ्यांदा.

"काय म्हणालीय ती?" ठकुबाईंनी विचारलं.

"कळत नाही, अत्ती."

"तू तर पास हायस की त्यात."

"हे पुस्तकातलं नाही. खेड्यातलं आहे."

म्हातारीची क्रियापदं शेपटी तुटल्यासारखी होती. शब्द अर्ध्यात गिळलेले. शिवलीलाला आठवलं, कारखान्यात पुण्याहून आलेल्या एका इंजिनीअरनं तिला विचारलं होतं, 'तुम्ही "करालाय" म्हणता, म्हणजे काम झालं की चालू आहे?' आमच्याकडं ते चालू असतं. त्या वेळी तिला हसू आलं होतं. आता तीच त्या पुणेकराच्या जागी बसली होती. तिनं एक वही काढली आणि म्हातारीचे शब्द उतरवून घेतले. अर्ध्या तासानं अर्थ लागला. म्हातारी म्हणत होती की पाणी आज कोमट लागतंय, आणि तू जेवलीस का.

"एवढंच?" अजित आतून म्हणाला.

"मग काय म्हणायचं तिनं?" ठकुबाई म्हणाल्या. "बरोबर इचारलं की."

त्या दिवसापासून ठकुबाई खेळात शिरल्या. त्यांना लढाया नको होत्या. दर दहा पावलांवर चिखलातून बेडकासारखी जनावरं उठायची आणि तीच तीच मारामारी व्हायची. तेवढ्यात त्या चहा ठेवून यायच्या. पण गाव आलं की त्यांची नजर पडद्यावरून हलायची नाही.

"त्या घरात जा की. दार उघडं हाय."

"तिथं काही काम नाही, अत्ती. पुढं जायला मिठाचं शहर गाठायचं आहे."

"काम नसलं म्हणून माणसाच्या दारावरनं तसंच जायाचं?"

मग शिवलीला त्या घरात जायची. आत कुणी एक माणूस टोपल्या विणत बसलेला असायचा. तो म्हणायचा, पोरगं शहरात गेलंय, कळवत नाही. दुसऱ्या घरात दोन बहिणी एकमेकींशी बोलत नसत आणि दोघीही नागीला सांगायच्या, तिला सांग म्हणून. शिवलीला शब्दन् शब्द मराठीत करून सांगायची. वाचायची जपानीत, सांगायची मराठीत, आणि मधेच एखादं कानडी येऊन बसायचं. नेम तोच, घालायचं नाही, गाळायचं नाही. गेममध्ये एक दैनंदिनी होती. ज्याच्याशी बोललं त्याचं नाव तिच्यात आपोआप चढायचं. शनिवार-रविवारी दुपारी आणि एरवी संध्याकाळी बसमधून उतरल्यावर तासभर, असं हे चाललं.

बारा तास झाले त्या दिवशी शिवलीलानं मोरिता-सानना काय सांगायचं ते मनाशी ठरवून टाकलं. लढाया रटाळ आहेत. मिठाचा व्यापारी म्हणून जो सोबती येतो त्याचे विनोद एकाला हसू येईल असे नाहीत. गोष्ट अजून जागची हललेली नाही. नका खेळू. तिनं कन्सोल बंद करून पिशवीत घातला.

"का गं?" ठकुबाईंनी विचारलं.

"झालं, अत्ती. ठरलं माझं. एवढा काही चांगला नाही."

"त्यो टोपल्याचा माणूस? त्येचं पोरगं?"

"ते काय खरं आहे का?"

"खरं न्हाई, पर सापडलं का न्हाई?"

तिला तपासणी विभागातली आपली जुनी सवय आठवली असावी. तिथं पहिले बारा नग बघून अख्खा लॉट नाकारत नाहीत. नाकारायचा तर नाकारण्याचं कारण लिहावं लागतं, आणि 'कंटाळा आला' हे कारण तिथल्या फॉर्ममध्ये नाही. तिनं पिशवी पुन्हा उघडली.

नोव्हेंबरात एक गंमत झाली. नागोयाहून तीन जणांची तुकडी आली होती. कारखान्याच्या दारात, शिवलीलाच्या हातात फायली होत्या म्हणून, त्यातल्या हिरानो-सान नावाच्या बाईंनी दार धरून ठेवलं. शिवलीलाच्या तोंडून आपसूक निघालं, "काताजिकेनाई."

तिघंही जागच्या जागी थांबले. मग हिरानो-सान इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. तो शब्द आभाराचाच, पण शेकडो वर्षांपूर्वीच्या शिपायांच्या तोंडचा. बसमध्ये कुणी जागा दिल्यावर बाईनं हात जोडून 'आपले उपकार शिरसावंद्य' म्हणावं, तसलं काहीतरी झालं होतं. गेममध्ये नागीसोबत एक म्हातारा सैनिक असतो, तो ऊठसूट हे म्हणायचा.

"कुठला गेम?" हिरानो-साननी डोळे पुसत विचारलं.

"सातवी नदी."

"मी तीनदा पुरा केलाय."

शिवलीलाला वाटलं, सुटले. "मग सांगा ना, खेळण्यासारखा आहे? मला एकांना उत्तर द्यायचंय."

"माझा नवरा पाचव्या तासाला झोपला. मी तीनदा खेळले. आम्ही दोघं एकाच घरात राहतो." हिरानो-सान म्हणाल्या. "तुम्ही किती तासांवर आहात?"

"सव्वीस."

"मग मी काही बोलणार नाही. बोलले तर तुमचं उत्तर माझं होईल."

तीस तासांनंतर होतं तरी काय, हे कळल्याशिवाय आता शिवलीलाला चैन पडेना. घरी येऊन तिनं अजितला सगळं सांगितलं. तो हसला, पण त्या शनिवारी जेवण झाल्यावर तोही येऊन खुर्चीवर बसला.

एकतिसाव्या तासाला नदी फिरली. सहावी नदी एका रात्रीत मार्ग बदलून पहिल्या गावावरून गेली. हे काही दाखवलं नाही. नागी दूर डोंगरात होती, आणि ती परत आली तेव्हा गावाच्या जागी पाणी होतं. कुणी मेलं, असंही गेम सांगत नाही. सांगतो एवढंच की माणसं गेली. कुठं गेली ते सांगत नाही.

ठकुबाईंनी निवडलेल्या तांदळाचं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

मग पुढचं शहर आलं. मोठं, दगडी रस्त्यांचं, दुतर्फा दुकानांचं. नागी बाजारातून चालली होती. गर्दीत शे-दीडशे माणसं दाखवली होती आणि कुणाच्याच डोक्यावर नाव नव्हतं.

"थांब," ठकुबाई म्हणाल्या. "मागं घे. ती लाल फडक्याची."

"कुठली?"

"पहिल्या गावातली न्हवं ती? हिरीवरची?"

अजितनं पुढं वाकून पाहिलं. एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर म्हातारी बसली होती. फडकं तेच. शिवलीला जवळ गेली आणि बटण दाबलं. म्हातारी म्हणाली, आपलं स्वागत असो, काय दाखवू आपल्याला?

शिवलीला ती ओळ वाचून थबकली. हे तिला झटकन कळलं होतं. वही लागली नव्हती. म्हातारी आता शुद्ध बोलत होती, दुकानात बोलतात तसं, सगळ्या शेपट्या जागेवर असलेलं.

"काय म्हणालीय?"

"दुकानातलं बोलतेय, अत्ती. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. गावचं बोलणं सोडलंय तिनं."

"वळखलं न्हाई व्हय तुला?"

शिवलीलानं पुन्हा बटण दाबलं. म्हातारीनं तेच वाक्य म्हटलं. आपलं स्वागत असो. तिसऱ्यांदा दाबलं. पडद्यावर नुसते तीन ठिपके आले. मग ती हळूच, तसल्याच अर्धवट गिळलेल्या शब्दांत म्हणाली, इथलं पाणी गार लागतंय बघ. जेवलीस का?

शिवलीलानं ते मराठीत सांगितलं, तेही निपाणीच्या मराठीत. अजित उठून पाणी प्यायला गेला. ठकुबाई म्हणाल्या, "इथं आल्यावर मला बी पयलं वरीस लई सांभाळून बोलाय लागायचं." एवढं बोलून त्यांनी सूप उचललं आणि निवडलेले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

त्या दुपारी त्यांना शहरात पहिल्या गावची नऊ माणसं सापडली. टोपल्यांचा माणूस सापडला, त्याचा मुलगाही त्याच बाजारात हमाली करत होता, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. दोन बहिणींपैकी एकच सापडली. गेम कुठंही सांगत नव्हता की ही ती माणसं. ज्याला आठवतात त्यालाच ती दिसत होती.

तेव्हा शिवलीलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्यानं पहिल्या गावात कुणाशी बोलणंच केलं नाही, त्याला हे शहर कसं दिसेल? नुसतं शहर. दगड आणि दुकानं.

कन्सोलवर मोरिता-सानचा सहा वर्षांपूर्वीचा जतन केलेला खेळ अजून होता. इतके दिवस तिनं तो उघडला नव्हता, दुसऱ्याचं पाकीट उघडू नये तसं. आता उघडला. मोरिता-सानची नागी मिठाच्या शहराच्या वेशीवर उभी होती. तिच्या अंगावर शिवलीलाला तीस तासांनीही न मिळालेलं चिलखत होतं आणि ताकद दुप्पट. प्रत्येक चिखलबेडूक त्यांनी शिस्तीत मारला होता. शिवलीलानं दैनंदिनी उघडली. तिच्या स्वतःच्या दैनंदिनीत बाराव्या तासाला चौसष्ट नावं होती. मोरिता-सानच्या दैनंदिनीत सात. त्यातली पाच अशी, की ज्यांच्याशी बोलल्याशिवाय गेम पुढं सरकतच नाही.

म्हणजे त्यांनी काम अर्धवट टाकलं नव्हतं. जे त्यांना काम वाटलं ते त्यांनी चोख केलं होतं.

आता खरी पंचाईत होती ती हे सांगण्याची. डिसेंबरचा मध्य आला होता, मोरिता-सानचा एक निरोप येऊन गेला होता, की घाई नाही, पण काही ठरलं का. शिवलीला एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लिहायला बसली. जपानीत तिनं हजारो वाक्यं बोललेली होती आणि जवळजवळ सगळी दुसऱ्याची होती. 'ते म्हणतात की', 'त्यांचं म्हणणं असं की', 'लाइनवरच्यांना वाटतं की'. 'मला वाटतं' असं वाक्य सुरू करायला तिचा हात धजेना. तिनं तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा पुसलं.

अजितनं डोकावून पाहिलं. "एवढं काय अवघड? चांगला हाय का न्हाई, एक शब्द लिही."

"चांगला आहे, पण त्यांच्यासाठी नाही, असं कसं लिहू? त्यांचं वय बघ, मान बघ."

"त्यांनी तुझ्याकडनं गोड मागितलंय का?"

"नाही."

"मग?"

तिनं लिहिलं. मला ते पत्र तिनं नंतर मराठीत वाचून दाखवलं, तसंच इथं देते. 'मोरिता-सान, माझे एक्केचाळीस तास झाले आहेत. मला वाटतं हा गेम खेळण्यासारखा आहे. लढाया कंटाळवाण्या आहेत आणि त्या शेवटपर्यंत तशाच राहतील असं दिसतं. व्यापाऱ्याचे विनोद वाईट आहेत. तीस तासांनंतर गेम चांगला होतो, हे तुमच्या पत्नीचं म्हणणं मला अर्धंच खरं वाटतं. तो पहिल्या तासापासून चांगला असतो, पण ते तीस तासांनंतर कळतं. तुमचा जुना खेळ मी न विचारता उघडला, त्याबद्दल क्षमा असावी. तुम्ही सात माणसांशी बोललात. तिथून पुढं खेळू नका, तिथून तो खेळण्यासारखा नाही. पहिल्यापासून सुरू करणार असाल आणि प्रत्येक उघड्या दारात जाणार असाल, तरच खेळा. ते जमणार नसेल तर मार्चनंतर तुम्ही दुसरं काहीतरी करावं, असं मला वाटतं.'

पाठवल्यावर तिचा दिवस जाता जाईना. सोमवारी बसमध्ये, मंगळवारी लाइनवर, दर थोड्या वेळानं फोन बघायची. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला आपण 'तुम्ही कुणाशी बोलला नाहीत' असं लिहून बसलो, हे तिला राहून राहून आठवायचं. बुधवारी उत्तर आलं, अगदी लहान. 'कळलं. एक तास मला राग आला होता. आता नाही. पहिल्यापासून सुरू करतो.' घरच्या टीव्हीसाठी त्यांच्या पत्नीकडं दुसरा कन्सोल होता. शिवलीलाकडचा तिनं ठेवावा, पुढं कधी येणं झालं की बघू, असंही लिहिलं होतं.

जानेवारीच्या शेवटी त्यांचं दुसरं पत्र आलं. त्यांनी सोडला होता. एकोणीस तास खेळले, पहिल्या गावातल्या प्रत्येकाशी बोलले, प्रत्येक दारात गेले, आणि त्यांना ते अजिबात आवडलं नाही. 'मला लोक एकेक करून आपली दुःखं सांगतात आणि मला त्यांच्यासाठी काही दुरुस्त करता येत नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'हे मला सहन होत नाही. सहा वर्षांपूर्वी मी का सोडला ते आता मला माहीत आहे. त्या वेळी वाटलं होतं, कंटाळा आला. तुमचे आभार. बायको आता माझ्या एकोणिसाव्या तासापासून पुढं खेळते आहे आणि मी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचतो.'

शिवलीलाला आधी वाईट वाटलं. आपलं उत्तर चुकलं, असं ती मला म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "चुकलं नाही. मी त्यांना माझं सांगितलं. त्यांना त्यांचं सापडलं." ती हसत होती. हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आल्या होत्या.

शिवलीलाच्या घरी गेम फेब्रुवारीतल्या एका रविवारी पुरा झाला, चौसष्ट तासांनी. मीही तेव्हा वरच होते, साखर मागायला गेले ती तिथंच बसले. सातवी नदी सापडली. ती जमिनीखालून वाहत होती आणि इतकी वर्षं सगळ्या विहिरींना तीच पाणी देत होती. शेवटी नागी नव्या शहरातच राहते, नाव बांधायला शिकवते. शिवलीलाला शेवट फार आवडला. ठकुबाईंना मुळीच नाही. त्यांचं म्हणणं, पोरीनं पाणी ओसरल्यावर गावाला परत जायला हवं होतं, आणि त्या दुसऱ्या बहिणीचं काय झालं ते कुणी शोधलंच नाही.

"मग खेळण्यासारखा होता की नव्हता, अत्ती?" शिवलीलानं विचारलं.

ठकुबाईंनी बराच वेळ विचार केला. "माणसं चांगली हुती," त्या म्हणाल्या. "बेडकं उगंच घातली."

शिवलीलानं ते वहीत लिहून घेतलं, आहे तसं, आणि वायरी काढायला अजितला हाक मारली.